चिंचेने घासलेल्या पुंगळ्या

आज अमेरिकेतल्या आमच्या बॉथेल गावच्या घरी समई चिंचेने घासताना ओल्या पितळेचा वास आला. वीस वर्षांपूर्वी याच सिंकमध्ये मी नवऱ्याच्या, विनयच्या, बंदुकीच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरण्यासाठी घासत होते, देवाची भांडी घासावीत तशा कौतुकाने. पुंगळीत गोळी बसवायच्या साच्याचे, डायचे, दोन फोटो लॅपटॉपवर दाखवत विनय म्हणाला, "सांग ना, कुठला ऑर्डर करू? गोळी केसभरही वाकडी बसायला नको."

"मायक्रोमीटरवाला घे," मी म्हणाले. जणू पडद्याचं कापड निवडत होते.

त्या डायने बसवलेल्या पहिल्याच गोळीने पाडलेली हरिणी तो घरी घेऊन आला. तिच्या आचळांतून दूध गळत होतं.

"बघ, एकदम सेंटर," तो म्हणाला.

आणि मी, शी, मी त्याला टाळी दिली.