टेंभुर्णीतली बिनलग्नाची माणसं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर चहा अंगावर सांडेल. माझ्या हुशारीची गोष्ट आहे.

माझी पीएचडी गे, लेस्बियन, बायसेक्शुअल माणसांच्या जगण्यावर. मुलाखतींना माणसं मिळाली, पण सगळी शहरातली आणि एकमेकांच्या ओळखीतली. गाईड मॅडम म्हणाल्या, "हा अभ्यास नाही, मित्रमंडळाची सहल आहे. खेड्यातलं कुणी आण, नाहीतर प्रबंध विसर."

मी टेंभुर्णीला आत्याकडे मुक्काम ठोकला. आत्या शाळेत शिक्षिका. तिच्यासोबत शालूबाई, त्याही शिक्षिका. घरभाडं वाचावं म्हणून एकत्र राहतात, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. दिवाळीला दोघींना एकसारख्या साड्या दरवर्षी मीच निवडते.

आता खेड्यात सरळ विचारणार कसं? ज्याचं नाव निघेल त्याचं जगणं मुश्कील. म्हणून मी डोकं लढवलं. आधी बिनलग्नाची माणसं गाठायची, विषय नंतर हळूच काढायचा. किराणा दुकानात विचारलं, "काका, गावात तिशी ओलांडलेले, लग्न न झालेले कोण कोण आहेत?"

काकांनी मला खालून वर पाहिलं. "शेती किती पाह्यजे तुमाला?"

झालं! संध्याकाळी आत्याच्या ओट्यावर इस्त्रीच्या शर्टांची रांग. शेतकरी पोराला मुलगी मिळत नाही, हे मी अभ्यासात धरलंच नव्हतं. एक माउली माझा हात सोडेना. "मपल्या पोराकडं ठिबक हाय, म्हशी हायत."

"काकू, मी लग्नासाठी आले नाही."

"आधी समद्या पोरी असंच म्हन्तेत."

शालूबाईंनी सगळ्यांना पोहे केले, तेव्हा कुठे मंडळी पांगली. मला रडूच फुटलं. "आत्या, गेली माझी पीएचडी."

"तुला नेमकं कोन पाह्यजे व्हतं?"

खाली मान घालून एकदाचं सांगितलं. आत्यानं शालूबाईंकडे पाहिलं. त्यांनी होकाराची मान हलवली.

"गावभर बिनलग्नाची मानसं हुडकून राह्यली," आत्या म्हणाली. "घरात दोघी हाव. आमाला न्हाई विचारलंस."

दोघींनी मुलाखत दिली, एकमेकींची वाक्यं पुरी करत. "बिलकुल लपवू नको, मॅडमला आमी कोन ते बराबर सांग," असं वर बजावलं. म्हणूनच तुम्हालाही सांगतेय, छाती फुगवून. इतकी धीट माणसं माझ्या घरातली आहेत!

मॅडमनी वाचलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, तुझी सख्खी आत्या? ही तर पुन्हा ओळखीतलीच."

मी म्हटलं, "नाही मॅडम. आयुष्यात पहिल्यांदाच ओळख झाली."