चिखलात माझ्याजवळ थांबलेली सुजाता

सुजाता गेल्याची बातमी आली तेव्हा मी थापा मारत होते. हैदराबादेतल्या कोठी भागात आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, म्हणून समोरच्या चष्मेवाल्याच्या बायकोला मी मगरीची गोष्ट सांगत होते. मगर त्या दिवशी चांगली बारा फूट झाली होती... दर वेळी ती हातभर वाढते, असं आमचे हे म्हणतात. मी मगरीच्या नाकावर वल्हं हाणलं होतं आणि बुडणाऱ्या सुजाताला वेणीला धरून वर ओढायच्या बेतात होते, तेवढ्यात फोन वाजला. तिची मुलगी प्रज्ञा. "मंगल मावशी, मम्मी गेली." चष्मेवालीण म्हणाली, "फिर क्या हुआ?"

त्याला पाच आठवडे झाले. काय झालं ते आता खरं सांगते. मगर नव्हती. आणि बुडत होते ती मी.

राज्य फुटून तेलंगण वेगळं व्हायचं ठरलं त्या वर्षांतली ही गोष्ट. आम्ही दोघी अंबरपेठच्या. तिचे वडील परभणीकडून इथं नोकरीला आलेले, माझे सासरे नांदेडकडची शेती सोडून दुकानात बसलेले. दोन्ही घरांमध्ये भिंत एकच, आणि तीही इतकी पातळ की तिच्याकडे फोडणी पडली की शिंका आमच्याकडे. सुजाता सरकारी कचेरीत होती. नवरा लवकर गेलेला, पदरात शाळकरी प्रज्ञा. कचेरीतलं कोण हैदराबादेत राहणार आणि कोण आंध्रात जाणार याची यादी रोज निघणार म्हणत आणि रोज निघत नसे. वर्षानुवर्षं एका टेबलावर डबा खाणाऱ्या बायका वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसायला लागल्या. सुजाताची झोप उडाली. "मला तिकडं टाकलं तर पोरीला घेऊन मी जाऊ कुठं गं?" असं ती भिंतीपलीकडून विचारायची आणि मी तिला दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगत बसायचे.

अशात कचेरीत एक सूचना लागली. महिला कर्मचाऱ्यांना शिडाची होडी चालवायला शिकवणार. दोन महिने हुसेनसागरावर, मग काकीनाड्याजवळच्या खाड्यांत, खारफुटीच्या रानात पाच दिवसांची मोहीम. नावं भरेनात म्हणून बाहेरच्या बायकांनाही घेतलं. सुजातानं मला न विचारता माझं नाव घातलं. म्हणाली, "रोज थोडं थोडं भिऊन कंटाळा आलाय मंगल. एकदाच काय ते मोठं भिऊ या."

नौदलातून निवृत्त झालेले एक तेलुगू सर शिकवायला होते. शीड फडफडलं की आम्ही सगळ्याजणी त्यांच्या तोंडाकडे बघायचो. ते ओरडायचे, "अम्मा, हवा कू देखो! मेरे कू नक्को देखो!" तलावाच्या वासानं माझे केस दोन दोन दिवस उभे राहायचे, पण गंमत अशी, की होडीत कोपरे धरून बसता येत नाही. वारा फिरला की सगळ्यांना उठून एका बाजूला सरकावं लागतं, नाहीतर सगळ्याच पाण्यात. आमच्या होडीत तिसरी होती पद्मा. सुजाताच्याच कचेरीतली, मूळची गुंटूरकडची, यादीत पलीकडे जाणार हे नक्की असलेली. पहिल्या दिवशी दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. आठव्या दिवशी पद्माच्या डब्यातला चिंचभात आणि सुजाताचा ठेचा एकाच झाकणात होता.

काकीनाड्याला आम्ही जी चूक केली ती तलावावर शिकलेली बाईच करू शकते. सरांनी भरती-ओहोटीचं सगळं सांगितलं होतं, आम्ही वहीत उतरवूनही घेतलं होतं. पण हुसेनसागराचं पाणी सकाळी असतं तिथंच संध्याकाळी असतं, ही गोष्ट हाडात मुरलेली. तिसऱ्या दिवशी दुपारी बाकीच्या दोन होड्या वळणापुढे गेल्या आणि आम्ही सावली बघून एका अरुंद फाट्यात शिरलो. होडी झाडाला आखूड दोरीनं बांधली, डबे उघडले, माझ्या बडबडीला सुरुवात झाली. हात धुवायला पद्मा वाकली आणि तशीच राहिली. "अक्का... नीळ्ळु एक्कडा?" पाणी कुठंय? पाणी गेलं होतं. होडी चिखलावर कलंडून बसली होती आणि चहूकडे झाडांची मुळं बोटांसारखी वर आलेली.

"मी उतरून ढकलते," मी म्हटलं. "उतरू नको, सरांनी सांगितलंय," सुजाता म्हणेपर्यंत मी उतरले होते. गुडघ्यापर्यंत गेले, पाय ओढायला गेले तर मांडीपर्यंत. चिखल गरम होता. खालून कुणी दोन्ही पाय धरल्यासारखं वाटत होतं... इथं मी अतिशयोक्ती करत नाहीये, असं मला आयुष्यात पहिल्यांदा लिहावं लागतंय. पद्मा शिट्टी फुंकत राहिली. वळणापलीकडून काही येईना. ओढून पाहिलं, दोरी बांधून पाहिलं. दोन-अडीच तास गेले. मग खेकडे भराभर बिळांत शिरायला लागले आणि चिखलावरून पाण्याची एक पातळ रेघ सरकत आमच्याकडे आली.

सुजातानं होडीतल्या तळाच्या दोन फळ्या काढल्या, चिखलावर टाकल्या आणि त्यांच्यावर पालथी पडून माझ्यापर्यंत आली. तिला पोहता येत नव्हतं. "हालू नको. हे पाणीच तुला काढील, ते येऊ दे." मी किंचाळत होते. आईला, नवऱ्याला, सरांना, सगळ्यांना शिव्या देत होते. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं. अंगातलं तरंगायचं जॅकेट वर ओढायचं आणि चिखल पाय खाली. होडी मागे तरंगायला लागली, पद्मानं हाका मारल्या, तरी सुजातानं माझा दंड सोडला नाही. तिचे दात वाजताना मला ऐकू येत होते. "सुजा, तू पण भ्यालीस?" "मग काय तर! पण दोघींनी एकदम भिऊन कसं चालेल? आधी तू भिऊन घे. माझा नंबर नंतर."

पाणी गळ्याशी आलं तेव्हा चिखल सैल झाला. तिनं श्वास धरून डोकं पाण्याखाली घातलं आणि माझ्या मांड्यांभोवतीचा चिखल हातानं उकरला. एक पाय निघाला, मग दुसरा. माझी एक चप्पल अजून आंध्रातच आहे. थोड्या वेळानं सरांची होडी शोधत आली तेव्हा पद्मा रडत होती, मी ओकत होते आणि सुजाता दोरी गुंडाळत होती.

परतीच्या गाडीत विजयवाडा यायच्या आत मी मगर जन्माला घातली. वाचवणारी मी, बुडणारी सुजाता. पद्मानं माझ्याकडे बघितलं, मग सुजाताकडे. सुजाता शांतपणे म्हणाली, "मगरी दोन होत्या. मंगलला एकच दिसली." त्यानंतर इतकी वर्षं लग्नांत, बारशांत, वाढदिवसांत मी ती गोष्ट सांगितली आणि ती शेजारी बसून मान हलवत राहिली. यादी निघाली, पद्मा गेली, सुजाता राहिली, पुढे तिनं कुकटपल्लीत फ्लॅट घेतला.

यंदा ती दवाखान्यात अकरा दिवस होती. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "मंगल, आता माझा नंबर आलाय. फार भीती वाटायली गं. येतेस?" मी गेले. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं, दवाखान्याचा तो वास आला, आणि मी न उतरताच खाली आले. फोन करून सांगितलं, गाडी बंद पडली. मग शाळेचा हंगाम आला, मग मोर्चा आला, मग पाहुणे आले... त्या अकरा दिवसांत मी एवढे रस्ते बंद पाडले, की सगळं हैदराबाद जागच्या जागी उभं राहिलं असतं. ती दर वेळी म्हणायची, "असू दे. उद्या ये."

तिच्या नावानं बुद्धवंदना झाली त्या पुण्यानुमोदनाला मी मागच्या रांगेत बसले आणि कुणाशी न बोलता निघाले. गेल्या रविवारी दुपारी प्रज्ञानं कुकटपल्लीच्या फ्लॅटवर बोलावलं. तिला मराठी नीट वाचता येत नाही, म्हणून इथवर लिहिलेलं सगळं मी तिच्यासमोर बसून वाचलं. दवाखान्याचंही. मला वाटलं, आता जा म्हणेल. ती म्हणाली, "मावशी, मम्मीची रूम मी अजून ओपनच नाही केली. मेरे से नहीं होता. तुम्ही थांबाल? ट्रॅफिक होईल ना तुम्हाला नंतर?"

ट्रॅफिक! माझं कारण तिनंच माझ्या हातात दिलं. जिना समोर होता, चपला दाराशी होत्या. मी म्हटलं, "होऊ दे." तिनं खोलीची कडी काढली. आत पडदे ओढलेले, पलंगावर एक साडी अर्धी घडी करून ठेवलेली, तिच्या पावडरीचा वास. प्रज्ञा उंबऱ्यावरच थांबली, मी आत जाऊन पलंगाच्या कडेला बसले आणि माझ्या शेजारची जागा हातानं साफ केली. बऱ्याच वेळानं ती आली, बसली. त्या साडीची उरलेली घडी आम्ही संध्याकाळी घातली.