फेट्याचं आणि गप्पांचं

"अप्पा गेले..." चकलांब्याहून चुलतभाऊ सुधीरचा फोन आला. मग त्याने विचारलं, "ती छातीतली बॅटरी काढावी लागती ना गं?" हो म्हटलं. दहनाआधी काढावीच लागते. तिचं इंग्रजी माहितीपुस्तक घरात मीच वाचलं होतं.

अप्पा माझे थोरले काका. गेवराईपासून उमापूरपर्यंत कुठेही लग्न असो, नवरदेवाचा फेटा त्यांनीच बांधायचा. हातांबरोबर जीभही चालायची. ताठ बसलेला नवरदेव हसून हलला की ओरडायचे, "हलू नको बे, लई हसलास तर पोरगी न्हाई म्हणंल!" चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. अप्पांशेजारी बसलं की त्याची गरजच पडत नसे... पुढे कंपवात झाला आणि कापड त्यांच्या हातातून निसटू लागलं.

पुण्यात मेंदूत तारा बसवल्या आणि त्यांना वीज देणारी बॅटरी छातीत. हात शांत झाले, पण अप्पाही शांत झाले. फेटा सुरेख बसायचा, गोष्ट मात्र मध्येच अडायची. शब्द सापडायचा नाही. डॉक्टर म्हणाले, वीज मेंदूत खोलवर दिली तरी तिचा परिणाम कपाळामागच्या भागापर्यंत पोचतो, आणि शब्द शोधायला तोच भाग लागतो. त्यांनी दोन सेटिंग्ज करून दिली आणि रिमोट कसा वापरायचा ते मला शिकवलं. एका सेटिंगमध्ये हात स्थिर. दुसऱ्यात वीज कमी, म्हणून थरथर जास्त, पण जीभ मोकळी. अप्पांनी त्यांना नावं दिली, फेट्याचं आणि गप्पांचं.

माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात मी न विचारताच फेट्याचं लावलं. अप्पांनी कापड हातात घेतलं, भावाकडे पाहिलं, ओठ हलवले... आणि माझ्याकडे वळले.

"गप्पांचं लाव, माय."

"फेटा वाकडा होईल, अप्पा."

"होऊ दे. घरच्या पोराला मुक्यानं बांधू का?"

मी बटण दाबलं. थोड्या वेळात हात थरथरू लागले. कापड तीनदा सुटलं, वरात खोळंबली, पण अप्पा बोलतच होते. शेवटी मागे सरकून त्यांनी पाहिलं. "वाकडा झालाय. पण आपल्या घरात सरळ डोकं हाय कुणाचं?"

ती आमची शेवटची भेट.

भावाने तो फेटा सोडू दिला नाही. डावीकडे कललेला, तसाच कपाटावर ठेवलाय. परवा शेजारच्या काकू आल्या आणि हसत म्हणाल्या, "हा असला कुणी बांधला बाई?" खोलीत पाच-सहा जणी होत्या. मी पहिल्यापासून सांगू लागले... थांबले तेव्हा सगळ्यांचा चहा गार झाला होता.