बात्माचा तुकडा आणि एक हजार नऊ

कुलिपाचा जन्म गेला नारिन नदीकडच्या एका डोंगरी गावात, एकाच शाळेत गणित शिकवण्यात. निवृत्त झाली तरी खोड काही जाईना. मेंढ्या दिसल्या की मोज, ताटातले नान दिसले की मोज. बायका तिला एजे, म्हणजे ताई म्हणायच्या आणि करवादायच्या, "एजे, लोकांनी प्रेमानं दिलेलं मोजू नये, बरकत जाते!"

नात नुर्झातचं लग्न ठरलं, तशा गावातल्या बायकांनी रजईसाठी चार-चार बोटांचे चौकोनी तुकडे आणून दिले. रीत जुनी आणि कडक: आलेला तुकडा कापायचा नाही, उरवायचा नाही, वरून भर घालायची नाही. उरला तर तो देणारीचा आशीर्वाद नाकारल्यासारखा. छत्तीस-छत्तीसच्या अठ्ठावीस ओळी लागल्या आणि एक तपकिरी तुकडा उरला.

नेमका बात्माचा! ही शेजारीण. तिच्या पोराला कुलिपानं नापास केलं, तेव्हापासून बारा वर्षं दोघींत अबोला. आणि आज तिनं आपणहून तुकडा धाडला होता. हा परत गेला तर मरेपर्यंत तोंड दिसायचं नाही.

ओळी मोडल्या, पंचविसाच्या लावल्या, तिसाच्या लावल्या. दर वेळी काहीतरी उरायचंच.

"मेलं कापडच हट्टी!" धाकटी जाऊ सादात चिडली.

"कापड नाही गं, आकडा हट्टी. एक हजार नऊ. मूळ संख्या आहे, कशानंच भाग जायचा नाही."

"म्हणजे मोजलंतच शेवटी!"

"मोजलं, काय करशील?" असं म्हणत कुलिपानं कोळसा उचलला आणि चक्क दारावर आकडेमोड मांडली. मग एकदम टाळी वाजवली. "अगं, चारानं भागून एक उरतो हिला! असली मूळ संख्या दोन वर्गसंख्यांत फुटतेच. अठ्ठावीस ओळी, ओळीत अठ्ठावीस, हा एक चौरस. राहिले सव्वादोनशे. पंधरा पंधरे!"

"मोठ्याची रजई. आणि धाकट्याचं काय?" एकीनं विचारलं.

"पाळण्यातलं पांघरूण!" सादात ओरडली. बायका पोट धरून हसल्या आणि नुर्झात लाजून बाहेर पळाली.

कुलिपा तुकडा घेऊन थेट बात्माच्या दारात गेली. धाप लागली होती, पण आनंद पोटात मावत नव्हता. "रजईला मधोमध तुकडा येत नाही, अठ्ठावीस सम आहेत. पांघरुणाला येतो, पंधरा विषम. तुझा तिथे शिवू?"

बात्मानं तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "माझ्या पोराला एवढं समजावून सांगितलं असतंस तर..."

"वर्गात बसला असता तर सांगितलं असतं ना!"

बात्माला हसू आवरेना. डोळे पुसत तिनं आतून सुईदोरा आणला आणि पायात जोडे घातले. "सरक बाजूला. तुझे टाके वाकडे पडतात. बाळाच्या छातीवरचा तुकडा आहे, मीच शिवणार."