जाताना वाजणारी जीप

"सायेब, आत्ता तुमच्या गेटपर्यंत वाजत होती. आईशप्पथ!"

दत्ता बॉनेटवर हात ठेवून उभा होता. जीप गप्प. मी तिला आमच्या शेडमधून काढून आदिलाबादजवळच्या मावल्याच्या रस्त्यावर फिरवून आणली होती. खड्ड्यातून काढली, गोल गोल वळवली, करकचून ब्रेक मारले. इंजिनाची नेहमीची धडधड सोडली तर खालून काही म्हणजे काही आवाज नाही.

"कसा आवाज येतो, परत सांग."

"आधी कड-कड करते. मंग वळणावर धाड! खालून कोनी घन मारल्यावानी. आन् स्टेरिंग बी जड होते."

"नेहमी?"

"नाई. घरून येतानाच. वापस जाताना काईच नाई."

इथं माझं डोकं फिरलं. मी ऑटोमोबाईलचा डिप्लोमावाला, बरीच वर्षं एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होतो आणि आता मावल्याच्या बाजूला माझं स्वतःचं शेड आहे. कानानं गाडी ओळखतो असा माझा लौकिक आहे, आणि तो मी स्वतःच पसरवलेला आहे. पण दवाखान्याला जाताना वाजते आणि घरी परतताना वाजत नाही अशी गाडी मला भेटली नव्हती. झिजलेला गियर आदिलाबादकडे तोंड केलं की झिजलेला आणि गावाकडे तोंड केलं की धडधाकट, असं कुठं असतं?

दत्ता पैनगंगेकडच्या एका गावचा. कापूस आणि ज्वारीची शेती. त्याच्या वडिलांच्या किडन्या गेल्या होत्या आणि त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी आदिलाबादला आणावं लागायचं. गाव आणि मोठा रस्ता यांच्यामध्ये एक ओढा, त्याला पूल नाही. पाणी गुडघ्याच्या खालीच असतं, पण दोन्ही काठांवर काळ्या मातीचा असा चिखल की ऑटोवाला पलीकडे यायला तयार नसतो. म्हणून ही जुनी जीप. ती फोर-बाय-फोर आहे. म्हणजे एरवी इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना मिळतो. चिखल आला की गियरच्या शेजारची छोटी लिव्हर ओढायची, मग तो जोर पुढच्या चाकांनाही मिळतो. जोर वाटून देणाऱ्या पेटीला ट्रान्सफर केस म्हणतात. दत्ताच्या घरी जीप बंद म्हणजे डायलिसिस बंद, इतका सरळ हिशेब होता.

आमचा हेडमेकॅनिक येल्लन्ना. त्याला मराठी सगळं कळतं, पण बोलताना तो तेलुगू किंवा हिंदीच बोलतो. आमच्या शेडची जागा अशी की गाडी रिव्हर्समध्येच आत घ्यावी लागते. दत्तानं जीप परत आत घेतली, येल्लन्ना खाली सरकला आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टला हात घालून हलवायला लागला. हा शाफ्ट म्हणजे चाकांपर्यंत जोर नेणारा लोखंडी दांडा. त्याच्या सांध्याला आम्ही क्रॉस म्हणतो. क्रॉस थोडा हलत होता. आम्ही बदलला. मी खूश, दत्ता खूश.

पुढच्या डायलिसिसला आवाज हजर.

मग चाकांचे बेअरिंग पाहिले. ठीक. गियर ऑइल काढून चुंबक फिरवलं. आत दाते तुटत असतील तर चुंबकाला लोखंडाचा चुरा चिकटतो. काही चिकटलं नाही. जीप जॅकवर उचलून चारी चाकं हातानं फिरवली. फोर-बाय-फोर लावून पाहिलं, काढून पाहिलं. सगळं सुरळीत.

"सार, लोपल येम लेदु," येल्लन्ना म्हणाला. आत काहीच नाही. मग हात पुसत पुढे म्हणाला, "लेकिन ट्रान्सफर केस खोलके देखेंगे."

खोलायचं म्हणजे जीप शेडमध्ये पडून राहणार. या जुन्या मॉडेलचे पार्ट मागवायचे तर कधी येतील याचा नेम नाही. तोपर्यंत त्या माणसाला ओढ्यापलीकडून आणायचं कसं? आणि खोलून आत काही सापडलंच नाही तर? मला काही सुचेना. असं सहसा होत नाही, आणि झालं तर मी ते कबूल करत नाही. दत्ताला म्हटलं, उद्या सांगतो.

पण दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला.

"सायेब, बाबा गाडीत बसत नाई म्हनते."

"का?"

"म्हनते, हे गाडी मलेच बोलवून राह्यली. तो आवाज आला का छातीवर हात ठेवते. काल उतरल्यावर रडले. परवा जाचं हाय सायेब, आन् ते म्हनते मी येत नाई."

आता गंमत संपली होती. डायलिसिस चुकलं तर काय होतं हे माझ्या स्वतःच्या काकांच्या वेळी मी पाहिलेलं आहे. जीप ज्या रस्त्यावर वाजते तिथं जाऊन बसल्याशिवाय इलाज नव्हता.

ठरलेल्या दिवशी सकाळी मी मोटरसायकल ओढ्याच्या अलीकडे लावली, चपला हातात घेतल्या आणि चिखल तुडवत गावात पोचलो. दत्ताचे वडील ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. अंगानं वाळलेले, पाय सुजलेले.

"चला काकाजी. आज मी पण बसतो. गाडी बसली तर तुम्हाला पाठुंगळी घेऊन नेतो."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमचीच ढेरी कोन उचलन?"

पण उठले. दत्ताच्या शेजारी ते बसले, मागे मी आणि दत्ताची आई.

ओढ्याच्या काठाला दत्तानं लिव्हर ओढली. जीप कुरकुर न करता पाण्यातून गेली, चिखलातून वर आली आणि पलीकडच्या नव्या सिमेंट रस्त्याला लागली. चढ संपल्यावर त्यानं लिव्हर परत जागेवर आणली. लिव्हर मऊ आली, जरा जास्तच मऊ. मी पुढच्या गोष्टीची वाट पाहत होतो. ती झालीच नाही. दत्ता सरळ निघाला.

पहिल्याच वळणावर कड-कड सुरू झालं. दत्ता स्टेअरिंगशी झटायला लागला. दुसऱ्या वळणावर खालून धाड! काकाजींनी दोन्ही हातांनी समोरची दांडी धरली.

"थांबव," मी ओरडलो. "लिव्हर काढल्यावर गाडी मागे का नाही घेतलीस?"

दत्तानं जीप कडेला थांबवली.

"काऊन रे? घेत नव्हतास का कधी?"

"आंधी घेत होतो. जुन्या मालकानं सांगतलं होतं, चिखल संपला का लिव्हर काढून जराशी मांगं घ्याची. कायले घेतात ते मले काय मालूम."

"मग आता?"

उत्तर मागून आलं. "बिमार मानसाले घेऊन निंगालं का गाडी मांगं घेत नाई," त्याची आई म्हणाली. "दवाखान्याले निंगालेली गाडी मांगं फिरली त..." त्यांनी पदर तोंडाला लावला.

सगळा गुंता तिथंच सुटला. फोर-बाय-फोरमध्ये पुढची-मागची चाकं एकमेकांना बांधलेली असतात. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर जावं लागतं. चिखलात ती थोडी घसरतात आणि भागून जातं. सिमेंटवर घसरता येत नाही, म्हणून शाफ्टमध्ये पीळ भरत जातो आणि मग धाडकन सुटतो. त्या पिळामुळे लिव्हर मागे आली तरी पुढच्या चाकांना जोडणारी आतली कडी अडकूनच राहते. लिव्हर घट्ट धरून ठेवणारे बुश झिजलेले, त्यामुळे हाताला कळत नाही. फोर-बाय-फोर लागलंय हे दाखवणारा डॅशबोर्डवरचा दिवा कधीचाच गेलेला. गाडी दहा-बारा फूट मागे घेतली की पीळ उतरतो आणि कडी सुटते. माझ्या शेडमध्ये प्रत्येक गाडी रिव्हर्समध्ये आत येत होती, म्हणजे रोग दारातच बरा होत होता. दवाखान्यात गाडी लावतानाही मागेपुढे होतच असणार. आणि घरी परतताना ओढ्यानंतर गावापर्यंत नुसता मातीचा रस्ता, तिथं आवाज यायचं कारणच नाही.

मला हसू आलं आणि स्वतःचा रागही आला. पण हे सगळं समजावून झाल्यावरही दत्ताचा हात गियरवरच थांबलेला. एकीकडे मी, एकीकडे त्याची माय.

"काकू, काही होत नाही," मी म्हटलं.

"तुमाले काय जाते सायेब म्हनाले!"

खरंच माझं काय जाणार होतं?

तेवढ्यात काकाजी बोलले. "मी इथं जिता बसून हावो नं? मले कोनी पुसलं काय?"

दत्ता त्यांच्याकडे वळला.

"त्या आवाजानं माहं काळीज फाटते रे रोज. घे मांगं."

दत्तानं आईकडे पाहिलं. त्यांनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "थांब. मले उतरू दे आंधी."

त्या उतरल्या. चार पावलं पुढे जाऊन जीपकडे पाठ करून, कपाशीच्या शेताकडे तोंड करून उभ्या राहिल्या. दत्तानं जीप मागे घेतली. पायाखाली एक बारीक टक झाली आणि स्टेअरिंग सैल पडलं.

"झालं काय?" त्यांनी न वळता विचारलं.

"झालं, माय."

त्या आत येऊन बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "चला, निंगू आता." जणू घरातून आत्ताच निघत होतो.

आदिलाबादपर्यंत जीप वाजली नाही. काकाजी मान टाकून झोपून गेले. ते झोपलेत ना, एवढ्यासाठी दत्ता सारखा वळून बघत होता, आणि मी त्याला सारखा समोर बघ म्हणत होतो.

नंतर मी बुश बदलले, दिवा लावून दिला. तरी जुनी पेटी आहे, कधीमधी मागे घ्यावंच लागतं. तेवढ्यापुरत्या काकू उतरतात. डायलिसिस एकदाही चुकलेलं नाही.

आवाज कुठून येतो, कसा येतो, हे मी आता नंतर विचारतो. आधी विचारतो, आवाज येतो तेव्हा गाडीत कोण बसलेलं असतं. लोक माझ्याकडे विचित्र नजरेनं बघतात. येल्लन्नाही बघतो.