जयूला मैदानात न उतरवणारी कल्पना

आमची कल्पना आज सकाळी गेली. चौतीस वर्षांची होती.

डेंग्यू झाला. वापीला नेलं, पण प्लेटलेट्स वाढल्याच नाहीत.

तलासरीच्या आमच्या शाळेत ती पीटी शिकवायची, मी गणित.
त्याआधी ती भारताकडून रग्बी सेव्हन्स खेळलेली. सात जणींची टीम, सात-सात मिनिटांचे दोन हाफ. गुडघा गेला आणि खेळ सुटला.

२०१४ला ती रुजू झाली तेव्हा स्टाफरूममध्ये एका सरांनी विचारलं, "रग्बी म्हणजे कुस्तीच ना?"
"नाही सर. कुस्तीत एकच जण अंगावर येतो."

मला तो खेळ पटायचा नाही. मुलींचे तास बुडतात म्हणून मी हेडसरांकडे तक्रारही केली.
दुसऱ्या दिवसापासून तिने प्रॅक्टिस सकाळी सहाला ठेवली. रानशेतहून स्कूटीवर यायची. मला एका शब्दाने बोलली नाही.

मग विभागीय फायनलला टीमबरोबर दुसरी टीचर हवी म्हणून मला पाठवलं.
मी नाराजीनेच गेले. आणि अर्ध्या मॅचमध्ये घसा बसेपर्यंत ओरडायला लागले.

शेवटची दोन मिनिटं. आपण दोन पॉइंटांनी मागे.
जयू, आमची सगळ्यात वेगवान मुलगी, गुडघा धरून बाहेर बसलेली. "मी खेळते ना बाई," म्हणून रडत होती.

मी म्हटलं, "कल्पना, सोड ना तिला. दोनच मिनिटं!"

"मलाही दोनच मिनिटांसाठी उतरवलं होतं, ताई."

ती जयूच्या गुडघ्यावर बर्फ धरून बसून राहिली.

आम्ही हरलो.

परतीच्या जीपमध्ये, सगळ्या मुलींसमोर, मी तिला म्हणाले, "तुझ्यामुळे हरलो."
ती जयूच्या गुडघ्यावरचा बर्फ बदलत राहिली.

नंतर डॉक्टर म्हणाले, लिगामेंट थोडंसंच फाटलंय. आणखी पळाली असती तर ऑपरेशन होतं.
जयू बरी झाली. यंदा राज्याच्या टीममध्ये आहे.

मी मात्र ते वाक्य मागे घेतलं नाही. रोज आम्ही एकत्र डबा खायचो. रोज वाटायचं, उद्या बोलू.

आज रानशेतला तिच्या अंगणात जयू भेटली. शेवटी तिलाच म्हटलं, "त्या दिवशी मी चुकले गं."

ती रडत रडत म्हणाली, "बाईंना राग नव्हता आला, मॅडम. आम्हाला नंतर म्हणाल्या, गणिताच्या मॅडम हरल्यावर एवढ्या चिडल्या ना, म्हणजे आता त्या आपल्या टीममध्ये आल्या."



कल्पना, चुकलं माझं. हे तुला समोर बसवून म्हणायला हवं होतं.

तुला शेवटचा नमस्कार.