चांगुणाबाई आणि सातवा धडा

विद्यापीठाच्या इंग्रजी भाषा केंद्राला नाशकात यंदा, म्हणजे १९८७ साली, पंधरा वर्षं होतात. त्यानिमित्त स्मरणिका काढायची ठरली आणि जुना विद्यार्थी म्हणून केंद्राचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कोणत्या साली कोण संचालक होते, उद्घाटनाला कोण आलं, फीत कोणी कापली, हे सगळं दप्तरात आहे. ज्याला हवं त्याने तिथून उतरवून घ्यावं. मला विचाराल तर या केंद्राचा इतिहास म्हणजे चांगुणाबाई केदारे. संपादक मंडळाला हे पटलं नाही तर त्यांनी लेख छापू नये, मी रागावणार नाही. थोडासा रागावेन.

केंद्र सुरू झालं तेव्हा त्याला स्वतःची जागा नव्हती. गंजमाळच्या बाजूला एका शाळेतली कोपऱ्यातली खोली संध्याकाळपुरती मिळाली होती. बाकं लहान मुलांची, त्यामुळे आम्ही मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन इंग्रजी शिकायचो. कॉलेजात न गेलेल्यांना कामापुरतं इंग्रजी बोलता यावं, असा विद्यापीठाचा हेतू होता आणि माणसंही तशीच आली. दवाखान्यातल्या परिचारिका, ओझरहून येणारे फिटर, चांदवडच्या कांदा आडत्याचा मुनीम, येवल्याचा पैठणीवाला जमील. जमीलची शेवटची एसटी चुकू नये म्हणून वर्ग पंधरा मिनिटं आधी सुटायचा. विद्यापीठाच्या वेळापत्रकात याची कुठे नोंद नाही, पण वर्ग चालायचा तो एसटीच्या वेळापत्रकावर.

मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो. वरच्या जागेसाठी केंद्राचं प्रमाणपत्र लागायचं, म्हणून १९७७च्या सुरुवातीला नाव घातलं.

शिकवायला जुलेखा मॅडम होत्या. जुन्या नाशकातल्या, इंग्रजी घेऊन एम. ए. झालेल्या, आवाज इतका मऊ की मागच्या बाकाला फक्त ओठ हलताना दिसायचे. त्यांचा आधार म्हणजे विद्यापीठाने दिलेला टेपरेकॉर्डर. दोन मोठी चाकं फिरणारं, बाजूला आकडे सरकणारं ते धूड होतं. सोबत एकच टेप, त्यावर अकरा धडे. एक इंग्रज साहेब आणि एक मडम आपापसात बोलायचे आणि मग आम्हाला म्हणायला जागा सोडायचे. मॅडमना त्या मशीनने एकदा शॉक दिला होता. तेव्हापासून त्या त्याच्यापासून हातभर लांब उभ्या राहत.

मशीन चालवायच्या त्या चांगुणाबाई. नेमणूक शिपाई म्हणून, तीही रोजंदारीवर. खोली झाडायची, माठ भरायचा, दिवे मालवायचे. नवरा गेलेला, घरात सासू आणि दोन मुली. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. आकडे तेवढे ओळखता यायचे. पण मशीनवरचा आकडा आणि धडा यांची सांगड त्यांनी अशी घातली होती की मॅडमनी "दवाखाना" म्हणताच टेप बरोबर त्या जागी येऊन थांबायचा. "एकशे चाळीसला दवाखाना, दोनशे पाचला पोस्ट," असं त्या आम्हाला सांगायच्या, एसटीचा कंडक्टर थांबे सांगतो तसं.

मे महिन्यात केंद्राला सुट्टी आणि रोजंदारीलाही. त्या दिवसांत त्या कांदे काढायला जायच्या. त्या मेमध्ये मी गावी गेलो तर माझ्याच चुलत्याच्या शेतात, कांद्याच्या ओळीत, डोक्याला पदर गुंडाळून चांगुणाबाई. मला पाहून त्या हसल्या, म्हणाल्या, "गुड मॉर्निंग, कारभारी भाऊ." मला मात्र कसनुसं झालं. आमच्या वर्गाचं सगळं ओझं वाहणारी बाई आणि वर्षातला एक महिना तिला कोणी विचारत नव्हतं.

१९७८च्या जानेवारीत विद्यापीठाचं पत्र आलं. मार्चमध्ये तपासनीस येणार, केंद्राची पाहणी करणार, आणि अहवाल चांगला गेला तर शिपायाची जागा कायम होणार. मॅडमनी ते पत्र वाचून दाखवलं तेव्हा चांगुणाबाईंनी "कायम म्हंजे मे महिन्यातबी?" एवढंच विचारलं. मॅडम हो म्हणाल्या. त्या दिवशी बाईंनी खोली दोनदा झाडली.

आणि आता माझा पराक्रम.

मशीनवर आपला आवाज वेगळाच ऐकू येतो, असं मी कोणाकडून तरी ऐकलं होतं. मला माझं इंग्रजी ऐकायचं होतं. महिनाभर मी चांगुणाबाईंच्या मागे लागलो. त्या नाही म्हणायच्या. रेकॉर्डिंगचं लाल बटण फक्त विद्यापीठाच्या कामासाठी. शेवटी कंटाळल्या. एका संध्याकाळी वर्ग भरायच्या आधी टेप पुढे नेऊन शेवटच्या कोऱ्या भागावर लावला आणि म्हणाल्या, "मी माठ भरून येते, मग बोला. तवर हात लावू नका." मी हात लावला. आधी थोडं इंग्रजी ऐकून तोंड तयार करावं म्हणून टेप मागे फिरवला, पोस्टाचा सातवा धडा ऐकला, परत मागे फिरवला, आणि उत्साहाच्या भरात तिथेच लाल बटण दाबून बोलायला लागलो. चांगली चार मिनिटं बोललो.

बाई माठ घेऊन दारात आल्या आणि त्यांनी आकडा पाहिला. माठ खाली ठेवला. म्हणाल्या, "पुसलं गेलं, भाऊ. आता नाय येत ते परत."

तेवढ्यात मॅडम आल्या. काय झालं म्हणून विचारू लागल्या. मी तोंड उघडायच्या आत चांगुणाबाई बोलल्या, "पोस्टाचा धडा गेला मॅडम. माझ्या हातनं चुकून लाल बटण दाबलं."

मी गप्प बसलो. हे लिहायला मला नऊ वर्षं लागली आहेत. मी गप्प बसलो, आणि बाकावर जाऊन वही उघडली.

मॅडमचा चेहरा उतरला. नवा टेप मागावा तर कारण कळवावं लागणार आणि पाहणी तोंडावर. शेवटी त्या म्हणाल्या, त्या धड्यावर जायचंच नाही, लाल बटणाला कोणी शिवायचं नाही, साहेब काय अकराच्या अकरा धडे ऐकत बसणार आहेत थोडेच.

साहेब ऐकत बसले. मार्चमधल्या एका संध्याकाळी तपासनीस आले. उंच, किरकोळ, चहा बिनसाखरेचा. खुर्चीत बसून म्हणाले, "टेपची अवस्था बघायची आहे. पहिल्यापासून लावा." वर्ग भरलेला होता. मी तिसऱ्या बाकावर होतो. एक धडा झाला, दोन झाले. सहावा चालू झाला तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. सहावा संपताच चांगुणाबाईंनी मशीन बंद केलं आणि त्या उभ्या राहिल्या.

"सायेब, सातवा नाय. माझ्या हातनं पुसला."

"असं? मग तिथे आता काय आहे?"

"कायबी नाय."

"लावा तरी."

बाई जागच्या हलेनात. साहेबांनी स्वतः उठून बटण दाबलं. खरखर झाली आणि सगळ्या खोलीभर माझा आवाज घुमला: "हॅलो. हॅलो. माय नेम इज कारभारी गांगुर्डे. आय लिव्ह इन नाशिक. आय अॅम नॉट अफ्रेड ऑफ इंग्लिश." मग मोठा श्वास, आणि मराठीत, "चालू आहे का हे मेलं?"

वर्गात कोणी हसलं नाही. त्याचं मला अजून आश्चर्य वाटतं. मी उभा राहिलो. "तो मी, साहेब. बाईंचा काही दोष नाही. त्या पाणी आणायला गेल्या होत्या. मी बटण दाबलं आणि वर गप्पही बसलो."

साहेब माझ्याकडे बघत राहिले, मग बाईंकडे. म्हणाले, "टेप विद्यापीठाची मालमत्ता आहे. ती ज्यांच्या ताब्यात, जबाबदारी त्यांची. मला हे लिहावं लागेल." त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

मॅडम काहीतरी बोलल्या, पण नेहमीप्रमाणे ते मागपर्यंत आलं नाही. चांगुणाबाई मात्र पुढे झाल्या. "लिहा सायेब. पण धडा पाहिजे आसंल तर मी म्हणून दावते."

साहेबांना वाटलं, त्या विषय सांगणार. बाईंनी पदर सारखा केला, डोळे मिटले आणि सुरुवात केली. "गुड मॉर्निंग. आय वुड लाइक टु सेंड धिस पार्सल टु लंडन." टेपवरल्या इंग्रजाचा जाड आवाज, मडमचा बारीक. पार्सल वजनात बसत नाही, त्याची दोन करा, तिकिटं कुठे लावायची, सगळं. आम्ही म्हणायच्या जागी त्या थांबायच्या, आणि आम्ही, सवयीने, सगळा वर्ग म्हणायचो. एका जागी तो इंग्रज टेपवर खोकला होता. चांगुणाबाईही तिथे खोकल्या, अगदी त्याच्यासारख्या, आणि मागून जमीलही खोकला, कारण तो बिचारा इतके दिवस खोकला धड्यातच धरत होता.

धडा संपला. साहेबांचं पेन तसंच हातात.

"बाई, कोणी शिकवलं तुम्हाला?"

"कोणी नाय. सहा वर्सं झाली मशीनशेजारी बसते."

"अर्थ कळतो?"

"आता त्याला लंडनला पारसल धाडायचं हाय आन् ती बाई म्हणती वजन लय झालं. त्यात न कळण्यासारखं काय हाय?"

साहेब हसले. चहाचा कप बाजूला सारून म्हणाले, "लावा मशीन. दाबा लाल बटण." आणि चांगुणाबाईंनी माझ्या चार मिनिटांच्या पराक्रमावर सातवा धडा बोलून ठेवला, खोकल्यासकट. १९८४ साली केंद्रात कॅसेट आल्या, जुन्या टेपवरून उतरवून घेतल्या, तेव्हाही पोस्टाचा धडा बाईंच्याच आवाजात राहिला. नव्या मुलांना वाटतं, लंडनची मडम नाशकात राहून गेली असावी.

पण त्या मार्चात आम्हाला पुढचं काही माहीत नव्हतं. एप्रिल गेला. मे लागला तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. कचेरीतून सुटलो की रोज शाळेकडे चक्कर. शेवटी मेच्या दुसऱ्या आठवड्यात पाकीट आलं आणि बाईंना निरोप धाडून शेतावरून बोलावून घेतलं. मॅडमनी फोडलं, वाचलं, आणि त्या चक्क मोठ्याने ओरडल्या. चांगुणाबाई केदारे, शिपाई आणि यंत्रचालक, एक एप्रिलपासून कायम. माझा जीव भांड्यात पडला. इतकं हायसं मला पुढे बढती मिळाली तेव्हाही वाटलं नाही.

बाईंनी तो कागद माझ्याकडून तीनदा वाचून घेतला आणि मग पहिल्यांदाच आमच्या बाकावर बसल्या. मी म्हणालो, "बाई, चूक माझी, तुम्ही का अंगावर घेतली? तुमची जागा गेली असती."

"माझं काय हो," चांगुणाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "मला कुठंबी काम भेटलं आसतं. पण तुमचं इंग्रजी येवढं कच्चं, तुमाला हितून काढलं आसतं तर दुसऱ्या कोणी घेतलं आसतं का?"

मॅडम हसल्या, मीही हसलो.